‘५०० कोटी जीवाणू’ : पाकिटावरचा आकडा नेमकं काय सांगतो?

प्रोबायोटिकच्या पाकिटावर सगळ्यात ठळक काय असतं? आकडा. ५०० कोटी, १००० कोटी. केमिस्टकडे दोन पाकिटं समोर आली तर तुम्ही बहुधा मोठ्या आकड्याचंच उचलाल. माझा मुद्दा असा, की हा आकडा खोटा असेलच असं नाही, पण दर्जाबद्दल तो फार थोडं सांगतो.

आधी तो येतो कुठून ते बघू. १ ग्रॅम पावडर पायरीपायरीने दहा लाख पट विरळ करायची, त्यातला ०.१ मिली द्रव पेट्री डिशमधल्या आगरवर पसरायचा, उबवायचा आणि उगवलेल्या वसाहती मोजायच्या. १२० आल्या, तर हिशेब होतो दर ग्रॅमला १२० कोटी सीएफयू. आता यातल्या अडचणी बघा. एकमेकांना चिकटलेल्या चार जीवाणूंची वसाहत एकच दिसते. मेलेले दिसतच नाहीत. आणि मुख्य म्हणजे, वसाहत कोणाची आहे हे नुसतं मोजून कळत नाही.

ही ओळख पटवायला डीएनए लागतो. २०१६ मध्ये ‘पेडिएट्रिक रिसर्च’ या नियतकालिकात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १६ उत्पादनांमधले बायफिडोबॅक्टेरिया तपासले. सगळ्या नमुन्यांत लेबलशी तंतोतंत जुळलं फक्त एक! काही उत्पादनांत तर एका गोळीत एक आणि दुसरीत वेगळंच. अर्थात या अभ्यासालाही मर्यादा आहेत: उत्पादनं १६च, आणि डीएनए सापडला म्हणजे जीवाणू जिवंत होता असं होत नाही. म्हणून दोन्ही चाचण्या लागतात. एक दुसरीची जागा घेत नाही.

नावाचा घोळ आपल्याकडेही आहेच. अनेक भारतीय पाकिटांवर ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजिनस’ असं लिहिलेलं दिसतं. लॅक्टोबॅसिलस बीजाणू तयारच करत नाहीत! तो जीवाणू प्रत्यक्षात बॅसिलस कोॲग्युलन्स. तुम्ही म्हणाल, नावात काय एवढं? तर बघा, पेटीवर नुसतं ‘आंबा’ लिहून कोणी हापूसचा भाव मागितला तर तुम्ही द्याल का? जीवाणूंचंही तसंच. उपयोगाचा पुरावा असतो तो विशिष्ट स्ट्रेनचा. रॅम्नोसस जीजी या स्ट्रेनवर झालेल्या चाचण्यांचं श्रेय दुसऱ्या कुठल्याही रॅम्नोससला आपोआप मिळत नाही.

आणि पाकिटात जे नको ते? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला प्रोबायोटिक पावडर दिली गेली. त्या पावडरीत बुरशी निघाली आणि बाळ त्या संसर्गाने दगावलं. तिथे जीवाणूंची संख्या किती होती, याला काय अर्थ उरतो?

आपल्याकडे एफएसएसएआयच्या नियमांत दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी सीएफयूची अट आहे. पण ही झाली संख्येची. आयसीएमआर आणि डीबीटी यांची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात: स्ट्रेनचं नाव द्या, आणि मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील ते लिहा. 

म्हणून पुढच्या वेळी पाकीट उलटं करा. तीन गोष्टी शोधा. प्रजातीच्या नावापुढे स्ट्रेनचा क्रमांक किंवा अक्षरं आहेत का? आकडा पॅकिंगच्या दिवसाचा आहे की मुदतीअखेरचा? साठवण कशी करायची ते दिलंय का? दिलं असेल, तर दुकानात ते तसं ठेवलं होतं का, हेही बघा. आणि घरात तान्हं बाळ किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ हे वाक्य अशा वेळी महागात पडू शकतं.