जॅक्सनला वाट नव्हती

‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’ (२००७) या गेममध्ये अमेरिकी सैनिकांना शहर सोडून निघायचा हुकूम मिळतो, कारण अणुबॉम्बची शक्यता आहे. तेवढ्यात सोबतचं एक हेलिकॉप्टर पडतं आणि पायलट आत अडकते. आपण, म्हणजे सार्जंट पॉल जॅक्सन, खाली उतरून तिला उचलून आणतो. सगळे पुन्हा हवेत. आणि मग स्फोट होतो.

पुढच्या मिशनमध्ये जॅक्सन शुद्धीवर येतो. मोडक्या हेलिकॉप्टरमधून रांगत बाहेर पडायचं, धडपडत चालायचं. बारामतीला हॉस्टेलवर हे खेळताना मला वाटलं, बटणं चालतायत म्हणजे वाट असणारच. डावीकडे गेलो, मेलो. पुन्हा लोड करून उजवीकडे गेलो, तरी तेच. वाट ठेवलेलीच नव्हती. खरं तर सुरुवातीलाच, गाडीतून मृत्युदंडासाठी नेल्या जाणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या नजरेतून फक्त मान वळवू देऊन गेमनं हे सांगितलं होतं. पण तेव्हा ती ओळख वाटली होती. जॅक्सनपाशी ती अंगावर आली.

‘मॉडर्न वॉरफेअर २’ (२००९) करताना इन्फिनिटी वॉर्डला आपलं काय गाजलं हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून इथे आपण तीनदा मरतो : विमानतळावर ॲलन, अंतराळात एक अंतराळवीर आणि शेपर्डच्या गोळीनं रोच. रोचचं मरण चालू असताना इंदापूरला घरी लाइट गेली. आल्यावर चेकपॉइंटपासून तोच प्रसंग पुन्हा. तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं, की शेपर्डनं लवकर गोळी घालावी आणि पुढचं मिशन लोड व्हावं. जॅक्सनला वाचवायला मी गेम पुन्हा लोड केला होता. रोच कधी संपतो, याची वाट पाहत होतो.

दुसरा भाग कमी कष्टानं केलाय असं मुळीच नाही. रिओच्या वस्तीतली पळापळ, बर्फावरून स्नोमोबाइल हाकणं, हे पहिल्यापेक्षा सरस आहे. विमानतळाचं मिशन तर त्याहून धाडसी. अतिरेक्यांत मिसळलेला ॲलन प्रवाशांवर गोळीबार होताना सोबत चालतो, पण आपण एकही गोळी झाडली नाही तरी चालतं. मिशन वगळायचं का, हेही आधी विचारलं जातं. इथे बटण दाबणं न दाबणं आपल्या अंगावर येतं. पण शेवटी ॲलनलाच गोळी घालून त्याचं प्रेत युद्धाचं निमित्त केलं जातं, आणि आपण काय केलं हा प्रश्न कथेच्या कलाटणीखाली गाडला जातो.

आजही रविवारी मी दुसराच भाग जास्त वेळा लावतो. पण कुणी पहिल्यांदा खेळणार असेल, तर त्याच्या हातात पहिला देईन. आणि हा लेख मात्र वाचू देणार नाही.