समुपदेशकाचे आडनाव

‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे. आपल्या समाजाने उपदेश उदंड ऐकला. कीर्तनकारांचा ऐकला, मास्तरांचा ऐकला, सुधारकांचा ऐकला. ज्यांनी विहिरीवर चढू दिले नाही, त्यांनीच स्वच्छतेचाही उपदेश केला. तेव्हा ज्या विचारसरणीची सुरुवातच ‘उपदेश करू नका’ येथून होते, तिला मराठीत नेमके हेच नाव मिळावे हा भाषेचा विनोद म्हटला पाहिजे. पण तो केवळ भाषेचा नाही.

ही व्यक्तिकेंद्रित विचारसरणी कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. निदान करणाऱ्या आणि सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला त्यांनी उंच खुर्चीवरून खाली उतरवले. आपल्या दुःखाचा जाणकार दुःख भोगणारा माणूसच, ही त्यांची भूमिका. १९५७ च्या प्रसिद्ध लेखात त्यांनी सहा अटी मांडल्या. त्यांतल्या तीन समुपदेशकाने पाळायच्या : त्याने आतबाहेर एक असावे, समोरच्याला विनाअट मान द्यावा, आणि समोरच्याच्या जागी जाऊन त्याचे जग समजून घ्यावे.

मी अकोले तालुक्यातली, बौद्ध वस्तीतली. या विषयाच्या पदवीसाठी दोन वर्षे शिकले. रॉजर्स मी इंग्रजीत अडखळत वाचला आणि तो मला परका वाटला नाही. याचे एक कारण असे की या विचाराचे आणि बाबासाहेबांचे गुरुघराणे एक आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, तेथे जॉन ड्यूई त्यांचे गुरू. रॉजर्स १९२० च्या दशकात धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण अर्धवट टाकून त्याच विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात आले, आणि ड्यूईंचे शिष्य किलपॅट्रिक यांच्या तासांनी त्यांना घडवले. माणूस अनुभवातून शिकतो आणि आपला निर्णय आपण करू शकतो, हा विश्वास दोघांनी एकाच विहिरीतून घेतला. फरक पुढे पडला. बाबासाहेब तो विश्वास घेऊन १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर गेले. रॉजर्स दोन खुर्च्यांच्या खोलीत बसले.

माझे म्हणणे त्या खोलीविषयी आहे. तिच्यात जी ‘व्यक्ती’ येऊन बसते ती कोण, हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात दोन वर्षांत एकदाही विचारला गेला नाही.

प्रत्यक्ष कामासाठी मला नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर, तोंडात मात्र अजून नगरच येते) एका मुलींच्या वसतिगृहात पाठवले होते. तेथे येणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असे : ‘बाई, तुमचं आडनाव काय?’ आपल्याकडे पवार, गायकवाड, शिंदे, जाधव ही आडनावे वाड्यातही असतात आणि वस्तीतही. म्हणून लगेच दुसरा प्रश्न : ‘कुठले तुम्ही? गावात राहता का मळ्यात?’ आमच्या मार्गदर्शकांचे सांगणे असे की, या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही. ‘हे जाणून घेणे तुला का महत्त्वाचे वाटते?’ असे उलट विचारायचे. मी सरळ सांगत असे : आडनाव, गाव आणि वस्तीसुद्धा. अहवालावर लाल शाईचा शेरा पडला, ‘व्यावसायिक अंतर राखलेले नाही’. पुढच्या बैठकीत सांगण्यात आले, खोलीत शिरताना जात चपलेसारखी बाहेर काढून ठेवा. चपला काढून ठेवण्याची सवय आम्हांला कोणी आणि कशी लावली, हे त्या सद्गृहस्थांच्या ध्यानात आले नसावे.

मुलगी आडनाव का विचारते? कुतूहल म्हणून नव्हे. या बाईपुढे किती बोलावे आणि कोठे थांबावे, याचा ती अंदाज घेते. वस्तीतल्या मुलीला तो अंदाज लहानपणापासून घ्यावा लागतो. तिला उलट प्रश्न घालणे ही तटस्थता नव्हे. आडनाव झाकले काय आणि उघडे ठेवले काय, ज्याचे काही बिघडत नाही, त्याची ती चैन आहे. ‘आतबाहेर एक असावे’ ही अट रॉजर्स समुपदेशकावर घालतात, मुलीवर नाही. मनात येईल ते बोलून टाकावे असा तिचा अर्थ नाही, हे मलाही ठाऊक आहे. परंतु जे समोरचीला दिसतेच आहे, ते नसल्याचे सोंग आणणे तिच्यात खासच बसत नाही.

दुसरी गोष्ट सर्वनामाची. इंग्रजीत एकच ‘यू’ आहे, त्यामुळे रॉजर्सपुढे हा प्रश्न आलाच नाही. आमच्याकडे वस्तीतल्या साठीच्या म्हातारीलाही गावातले पोर ‘ए’ म्हणून हाक मारत आले. ती म्हातारी खोलीत आली आणि समोरच्या पंचविशीतल्या पदवीधराने प्रेमाने का होईना ‘तू काळजी करू नको’ म्हटले, की विनाअट मान तेथेच संपला. मराठीत त्याची पहिली परीक्षा ‘तुम्ही’ या शब्दावर होते. आमच्या मराठी टिपणवहीत याविषयी एक ओळ नव्हती. ती इंग्रजीवरून उतरवलेली होती.

आता सिद्धांताकडे. रॉजर्स म्हणतात, मुलाला प्रेम अटींवर मिळते : असा वागलास तर चांगला, तसा वागलास तर वाईट. या पात्रतेच्या अटी मूल गिळते आणि पुढे स्वतःलाच त्यांनी मोजू लागते. हे खरे आहे आणि मोलाचे आहे. पण अट म्हणजे जी पुरी करता येते ती. जातीने घातलेली अट कोणत्याही वागण्याने पुरी होत नाही. पहिला नंबर काढा, इस्त्रीचे कपडे घाला, शुद्ध बोला. मोजणारे माप आधीच ठरलेले. शूद्राचे नाव निंद्य असावे असे मनुस्मृती सांगते, म्हणजे मूल पाळण्यात असतानाच निकाल लागलेला. त्या निकालाला ‘नकारात्मक आत्मप्रतिमा’ म्हणून मुलीच्या मनात ढकलणे म्हणजे फिर्यादीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे होय.

येथे मला ‘बलुतं’ आठवते. दया पवार अकोले तालुक्यातल्याच धामणगावचे. १९७८ मध्ये हे पुस्तक आले तेव्हा त्यावर साहित्य म्हणून भरपूर लिहिले गेले. ऐकण्याचे पुस्तक म्हणून ते फारसे वाचले गेले नाही. त्याची रचनाच अशी की दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एकच माणूस, एक धामणगावचा आणि कावाखान्याचा, दुसरा शिकलेला, कवी म्हणून नाव झालेला. ऐकणारा दिलासा देत नाही, निष्कर्ष काढत नाही. आणि बोलणाऱ्याला त्याची लाजही वाटते, गरजही वाटते. आपल्यातल्याच काही पांढरपेशांनी तेव्हा उणेदुणे चव्हाट्यावर मांडल्याची तक्रार केली. त्यांना हवा होता फक्त दया पवार. दगडूला त्यांनी घराच्या मागच्या दाराने जायला सांगितले असते.

दलित विद्यार्थी समुपदेशक होऊ लागतो, तेव्हा पदवी त्याच्याकडे नेमके हेच मागते. दगडू बाहेर बसव आणि आत ये. मग जो आत येतो तो आतबाहेर एक कसा असेल? माझ्या मते रॉजर्सच्या पहिल्या अटीचे मराठीतले सर्वांत कठोर उदाहरण ‘बलुतं’ आहे, आणि ते अभ्यासक्रमात नाही. अभ्यासक्रमात आहे १९६४ ला चित्रित केलेली ग्लोरिया या गोऱ्या अमेरिकन बाईची भेट. ती जगभर दाखवतात, दाखवावीही. पण १९७७ ची दुसरी एक फिल्म आहे, जीत रॉजर्ससमोर रक्ताच्या कर्करोगातून काहीसा सावरलेला तरुण कृष्णवर्णीय माणूस बसला आहे, राग आणि घाव यांविषयी बोलतो आहे. त्याच्या रागातला किती आजाराचा आणि किती वंशभेदाचा, आणि रॉजर्सना त्यातले किती ऐकू आले? या भेटींवर रॉय मूडली, कॉलिन लागो आणि अनिसा तलाहित यांनी २००४ मध्ये एक ग्रंथच संपादित केला. म्हणजे हा प्रश्न मी जातीय चष्म्यातून उकरून काढलेला नाही. गुरूच्या अंगणातच तो विचारला गेला आहे.

न बोलण्याविषयीही बोलले पाहिजे. क्लायंट गप्प राहिला की आमच्या वहीत शब्द तयार असे : प्रतिकार. २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला नितीन आगे या सतरा वर्षांच्या मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याचे कारण सांगितले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. ज्या जिल्ह्यात भर न्यायालयात शपथेवर तोंड उघडत नाही, तेथली पोर वसतिगृहाच्या खोलीत गप्प बसली तर तिच्या मनात गाठ आहे असे समजायचे, की तिला जिल्हा आपल्यापेक्षा चांगला कळतो असे समजायचे?

त्याच जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. तेथे गावोगावच्या बायका आरोग्यसेविका झाल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित. घरोघर जाऊन ऐकणे हे त्यांच्या कामाचे मोठे अंग. त्यांना कोणी पदवी दिली नव्हती. म्हणून काही शहाणे म्हणतात, पदवी हवी कशाला? मी या मताची नाही. बिनपदवीच्या बायकांचे गोडवे गायचे आणि पदवीची नोकरी आपल्या पोरांना ठेवायची, हा खेळ जुना आहे. आमच्या मुलींनी पदवी घ्यावीच. पण ती देणाऱ्यांनी आपली वही तपासावी.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारात जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली. आमच्या पेपरात या कायद्याचे साल विचारले होते. पण शाळेत आपल्याला वेगळे बसवतात असे मुलीने सांगितले, तर १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याची माहिती तिला द्यावी की नाही, यावर वर्गात दीड तास वाद झाला. माहिती दिली की दिशा दिली, आणि दिशा देणे पद्धतीत बसत नाही, असे बहुतेकांचे मत पडले. मी म्हटले, दार कोठे आहे ते दाखवणे म्हणजे बाहेर ढकलणे नव्हे. दार झाकून उभे राहणे हीसुद्धा दिशाच आहे. तास संपला. परीक्षेत हा प्रश्न आला नाही.