झोत खरोखर एकमेकांत मिसळतात का?

१९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातील एक दृश्य प्रसिद्ध आहे. 'डेथ स्टार' या अजस्र यानाच्या खोलगट भागातून अनेक हिरवे झोत निघतात, एका बिंदूत भेटतात आणि पुढे एकच झोत होऊन अख्खा ग्रह नष्ट करतात. ओढे मिळून नदी व्हावी, तसे हे दृश्य लगेच पटते. पडद्यावरची कल्पना म्हणून ते उत्तमच आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. 'अनेक लेसर एकत्र केले की झोत तितक्या पटीने तेजस्वी होतो', अशा वाक्याच्या रूपाने हेच चित्र विज्ञानाच्या स्पष्टीकरणात शिरते.

यातील पहिली चूक सोपी आहे. प्रकाशाचे झोत ओढ्यांसारखे मिसळत नाहीत. ते एकमेकांना छेदून आपापल्या दिशेने निघून जातात. भेटीच्या बिंदूपाशी प्रखरता वाढते, पुढे ते पुन्हा पांगतात. अमेरिकी नौदलाने २०१४ मध्ये 'पॉन्स' या जहाजावर बसवलेल्या लेसर शस्त्रात वेल्डिंगसाठी बनवलेले सहा लेसर होते. त्यांचे झोत एकमेकांत विलीन होत नव्हते; ते लक्ष्यावर एकाच जागी पाडले जात.

दुसरी चूक अधिक खोल आहे. येथे शक्ती आणि तेजस्विता यांची गल्लत होते. तेजस्विता काढताना शक्तीला झोताचे क्षेत्रफळ आणि पसरण्याचा घनकोन यांच्या गुणाकाराने भागतात. दहा सारखे लेसर डायोड शेजारी शेजारी मांडले, तर शक्ती दहापट होते. पण क्षेत्रफळही निदान दहापट होते. भिंगाने ठिपका लहान करावा, तर कोन वाढतो. म्हणजे तेजस्विता काही वाढत नाही. याच कारणाने भिंगाने सूर्यप्रकाश कितीही एकवटला, तरी वस्तूचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा, म्हणजे सुमारे ५,५०० अंश सेल्सिअसपेक्षा, वर नेता येत नाही.

मग कारखान्यांत धातू कापण्यासाठी डायोडचे झोत एकत्र करतात ते कसे? झोतांमध्ये काही फरक असेल, तर ते एकाच वाटेने नेता येतात. परस्परांना लंब ध्रुवण असलेले दोन झोत एकावर एक आणता येतात, पण दोनच. तरंगलांबी वेगवेगळी असेल, तर अनेक झोत विवर्तन जालकाच्या साहाय्याने एका वाटेवर आणता येतात. न्यूटनने वर्णपटाचे रंग पुन्हा एकत्र करून पांढरा प्रकाश मिळवला, तीच ही युक्ती. मात्र येथे एकरंगीपणाची किंमत मोजावी लागते. तिसरा मार्ग सर्व झोतांच्या कला जुळवण्याचा. तो सर्वांत कठीण, कारण तरंगलांबीच्या अंशाइतकी चूकही चालत नाही.

शिक्षकांनी हे दृश्य वर्गात जरूर वापरावे, पण प्रश्न म्हणून. काचेच्या भांड्यातील पाण्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकून दोन कमी शक्तीचे लेसर पॉइंटर परस्परांना छेदतील असे धरावेत. झोत कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही, याची काळजी शिक्षकांनी स्वतः घ्यावी. छेदबिंदूच्या पुढे काय होईल, हे मुलांना आधी वहीत लिहायला सांगावे. 'ओढे मिळून नदी' ही उपमा कोठे लागू पडते आणि कोठे नाही, हे समजले, तर चित्रपटाने आपले कामच सोपे केले, असे आम्ही म्हणू.