जीर्णोद्धार कीं केवळ नामधारण ?

जुन्या गिरण्या व वखारी यांच्या भिंती कायम ठेवून आंत राहतीं घरें करण्याचा प्रघात पश्चिमेकडे रूढ झाला आहे. न्यूयॉर्कच्या सोहो भागांतील ओतीव लोखंडाच्या इमारतींस १९७३ सालीं संरक्षण मिळालें. तेथील प्रशस्त माळ्यांवर चित्रकार आधींच राहूं लागले होते, व त्या वसतीस १९८२ च्या कायद्यानें मान्यता दिली. आपल्याकडेही असेंच होत आहे, असें सांगण्यांत येतें. तें कितपत खरें, हें नागपूरच्या उदाहरणावरून पाहूं.

जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस गिरणी १ जानेवारी १८७७ रोजीं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीनें सम्राज्ञीपद धारण केलें त्याच दिवशीं, सुरू झाली. ती २००२ सालीं बंद पडली. पुढें त्या जागीं 'एम्प्रेस सिटी' या नांवानें मॉल व निवासी मनोरे उभे राहिले. येथें रूपांतर झालें तें जागेचें, वास्तूचें नव्हे. ग्रंथ नष्ट करून पुष्पिका तेवढी जपावी, तसा हा प्रकार आहे. खांबांमधील अंतरावरून यंत्रांची मांडणी कळते, छपराच्या तिरप्या कांचांवरून उजेडाची योजना कळते. हा पुरावा नांवांत कोठून येणार ?

गिरणी म्हणजे कांहीं देवालय नव्हे, आणि जमीन विकल्याशिवाय कामगारांचें देणें फिटत नाहीं, हा आक्षेप वजनदार आहे. परंतु मुंबईचा अनुभव निराळें सांगतो. १९९१ च्या नियमानें गिरणीच्या जमिनीची मोकळी जागा, सार्वजनिक घरें व मालक अशी वांटणी ठरली होती. २००१ च्या दुरुस्तीनें ती केवळ आधींच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. इमारतीखालची जमीन वांटणींतून सुटली. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं ही दुरुस्ती कायम केली. अर्थात् इमारत पाडण्यांतच मालकाचा लाभ राहिला. तेव्हां दोष गरजेचा नसून नियमाचा आहे, असें आमचें मत आहे.

आमच्या कोराडीसही हा विषय परका नाहीं. येथील विद्युत्केंद्राचे १९७४ पासून चालूं झालेले १२० मेगावॅटचे पहिले चार संच निवृत्त झाले आहेत. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या विद्वानांस एवढीच विनंति कीं, अशी वास्तु पडण्यापूर्वीं तिचे मोजणीचे नकाशे, छायाचित्रें, हजेरीपट व हिशेबाचीं दप्तरें मिळवून ठेवावीं. भिंत राखणें आपल्या हातीं नसेल; तिची प्रत राखणें खास आहे.