काचेआडची माणसं

राणीच्या बागेत लोक पेंग्विन बघायला जातात. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, हे मुंबईत वाढलेल्या माझ्या दोन मित्रांना ठाऊक नव्हतं. आम्ही चौघं आत गेलो आणि पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत गुण्यागोविंदाने होतो. मग मातीच्या बाहुल्यांवरून वाजलं.

इमारतीबद्दल फार लिहीत नाही. १८७२ साली ती ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ म्हणून खुली झाली, १९७५ साली तिला भाऊ दाजींचं नाव मिळालं. लोखंडी खांब, सोनेरी नक्षी, मधोमध डेव्हिड ससून यांनी दिलेला संगमरवरी अल्बर्ट. आमच्यातला आर्किटेक्ट मान वर करून छतच बघत राहिला. बघण्यासारखं आहेच ते.

पण खरी गोष्ट वर आहे. काचेच्या कपाटांत मुंबई इलाख्यातली माणसं उभी आहेत, मातीची, छोटी छोटी. कुणाच्या अंगावर धंद्याची खूण, कुणाच्या पेहरावात जातीची. नुसत्या पगड्या-पागोट्यांची डोकीसुद्धा आहेत. ‘‘किती क्यूट!’’ मैत्रीण म्हणाली आणि तिने मोबाइल काढला.

मला तो शब्द टोचला. तिची काही चूक नव्हती. मांडणीच तशी आहे. कुठलंही माणूस बाहुलीएवढं करा, ते गोड दिसतं. ओझं वाहणाऱ्याच्या पाठीचा बाक गोड दिसतो. काचेच्या बाहेर उभं राहून वरून खाली बघताना आपणही नकळत साहेबाच्या जागी जाऊन उभे राहतो.

हे संग्रहालय सुरू झालं तेच मुळी ‘आर्थिक उत्पादनांचं’ म्हणून. या मुलखात काय पिकतं, काय बनतं, त्याचे नमुने गोळा करायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल बर्न्स आणि त्यांच्यानंतर अर्नेस्ट फर्न या क्युरेटरांच्या काळात या मातीच्या प्रतिकृती करून घेतल्या गेल्या. बर्न्स जे. जे. स्कूल ऑफ आर्टचेही प्रमुख होते. मालाच्या नमुन्यांशेजारी माणसांचेही नमुने आले. आणि नमुन्याला नाव नसतं, प्रकार असतो.

पगड्यांच्या कपाटापुढे सातारकडचा मित्र बराच वेळ रेंगाळला. ‘‘आमच्यातले कुठलं बांधायचे रे?’’ म्हणत त्याने सरळ आजोबांना व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा कपाटाकडे फिरवला. आजोबांनी डोळे बारीक करून सगळी डोकी पाहिली. म्हणाले, ‘‘आरं, म्या तर टोपीच घातली जन्मभर. पागोटं लग्नापुरतं, ते बी मामाचं मागून आणल्यालं.’’

मागून आणलेल्या पागोट्यासाठी त्या कपाटात जागा नाही. एक जात, एक पागोटं, झाला हिशोब.

‘‘मग काय, काढून टाकायच्या का या सगळ्या?’’ मैत्रीण चिडली होती. अजिबात नाही. उलट तिथे मला थांबवलं ते या बाहुल्यांच्या कामाने. लुगड्याची चुणी, मनगटाचं वळण, उकिडवं बसलेल्याच्या पायांवर आलेला भार: हे ‘प्रकार’ बघून येत नाही, समोरचा माणूस नीट बघावा लागतो. साहेबाने मागितला असेल नमुना. घडवणाऱ्याने मात्र कुणीतरी ओळखीचं घडवलं असावं, असं मला राहून राहून वाटतं. पुस्तकांत मला बर्न्स आणि फर्न भेटतात. त्या घडवणाऱ्यांची नावं अजून भेटलेली नाहीत. त्यामुळे एकाच मूर्तीत दोन नजरा आहेत, आणि मोठ्याने बोलते ती एकच. पाटीवर दोन ओळी वाढल्या, कोणी मागवलं, कशासाठी, कोणाच्या हाताने झालं, तर तीच बाहुली वेगळी दिसेल.

संग्रहालयाला हे कळत नाही असं नाही. आजच्या चित्रकारांना बोलावून जुन्या संग्रहाशी बोलायला लावण्याची तिथे पद्धत आहे, आणि ती मला त्या सोनेरी नक्षीपेक्षा मोलाची वाटते. अडचण एवढीच, की अशी प्रदर्शनं काही महिन्यांत उतरतात; कपाटं कायमची.

२०११ साली जितीश कल्लाट यांचं प्रदर्शन तिथे झालं होतं. मी ते फोटोंतच पाहिलंय. त्यात त्यांनीही छोटी माणसं मांडली होती, साध्या शहरी कपड्यांतली, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी, मारणारी, पळणारी. बाहेर बाकड्यावर बसून मी तो फोटो मैत्रिणीला दाखवला. तिने दोन बोटांनी झूम केलं, एकेक चेहरा पाहिला. मग विचारलं, ‘‘यातलं कोण कुठलं, कसं ओळखायचं?’’