दुप्पट भरलेला तवंग

एव्हर्ट गॉर्टर हे लायडनचे बालरोगतज्ज्ञ. फ्रांस्वा ग्रेंडेल यांच्याबरोबर त्यांनी 1925 साली लिहिलेला शोधनिबंध जेमतेम पाच पानांचा आहे. मी तो अधूनमधून कथा वाचावी तसा वाचतो.

पहिली दाद पात्रनिवडीला. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, आतले पडदेही नसतात. म्हणजे तिच्यातून निघेल तो स्निग्धांश बाहेरच्या आवरणाचाच. दुसरी कुठलीही पेशी घेतली असती तर हिशेब आतल्या पसाऱ्यातच हरवला असता.

मग कृती. माणसाचं, कुत्र्याचं, शेळीचं, सशाचं रक्त घ्यायचं, पेशी मोजायच्या, ॲसिटोननं स्निग्धांश काढायचा आणि तो पसरट पात्रातल्या पाण्यावर सोडायचा. आमटीवर तेलाचा तवंग येतो ना, तसाच. फक्त हा एका रेणूइतकाच जाड. यातले मुख्य रेणू फॉस्फोलिपिडचे. (कोलेस्टेरॉलही असतं, पण या कथेचा नायक तो नव्हे.) फॉस्फोलिपिडला एक डोकं, दोन शेपट्या. फॉस्फेटचं डोकं पाण्यात रमतं, मेदाम्लांच्या शेपट्यांना पाणी नकोसं. म्हणून सगळे डोकी पाण्यात खुपसून, शेपट्या हवेत काढून उभे राहतात. या तवंगाचं क्षेत्रफळ मोजलं, तर ते सगळ्या पेशींच्या मिळून पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं.

निबंधाचा जीव या ‘दुप्पट’मध्ये आहे. पेशीच्या बाहेर पाणी, आतही पाणी. शेपट्यांनी जायचं कुठे? तर एकमेकींकडे. दोन थर, शेपट्यांसमोर शेपट्या. एका थराची डोकी बाहेर, दुसऱ्याची आत. कुणी शिवलेलं नाही, चिकटवलेलं नाही. पाणी टाळायच्या एका खोडीवर सुमारे 5 नॅनोमीटरचा हा पापुद्रा तगून आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यायच्या आधी दोघांनी तो नुसत्या भागाकारातून ओळखला.

गंमत पुढेच आहे. 1966 साली बार, डीमर आणि कॉर्नवेल यांनी हा प्रयोग नव्यानं तपासला. ॲसिटोननं सगळा स्निग्धांश निघत नव्हता; आणि पृष्ठभाग वाळलेल्या पेशींवरून काढल्यामुळे तोही कमी धरला गेला होता. अंश कमी, छेदही कमी, भागाकार बरोबर! शाळेत असं उत्तर आणलं असतं तर मास्तरांनी कुणाच्या वहीतून उतरवलंस म्हणून विचारलं असतं. मला मात्र याला निव्वळ नशीब म्हणवत नाही. तांबडी पेशी निवडली नसती, तर या दोन चुकांची गाठच पडली नसती.