तक्रारवही कोणाच्या घरी ठेवायची?

सुरुवात एका तक्रारीपासून करू या, कारण आजचं सगळं विवेचन तिच्याभोवतीच फिरणार आहे.

एप्रिल २००७ मध्ये पायथन या संगणकभाषेच्या तक्रारवहीत कुणीतरी एक नोंद केली. मजकुरातून शब्द वेगळे काढण्यासाठी पायथनमध्ये एक खूण आहे. तिचा अर्थ ‘शब्दात येणारं अक्षर’. देवनागरी मजकुरावर ही खूण चालवली की शब्दांचे तुकडे पडतात. काना, वेलांटी, उकार यांना ती शब्दाचा भाग मानत नाही. ‘मराठी’ हा शब्द तिला द्या, ती तुम्हाला दोन शब्द परत देते: ‘मर’ आणि ‘ठ’. हसू नका, खरंच असं होतं.

ही नोंद पहिल्यांदा सोर्सफोर्ज नावाच्या संकेतस्थळावर झाली. त्याच वर्षी पायथनची तक्रारवही राउंडअप या व्यवस्थेत गेली, तीही गेली. एप्रिल २०२२ मध्ये वही गिटहबवर गेली, तीही गेली. पंधरा वर्षांत तीन घरं. आता प्रश्न असा की मुक्त स्रोत प्रकल्पानं आपली वही, म्हणजे इश्यू ट्रॅकर, निवडावी कशी? माझं म्हणणं असं आहे की या निवडीबद्दल जी चर्चा होते ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी सुरू होते.

न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. प्रमाण, प्रमेय, संशय आणि मग लगेच प्रयोजन. संशय उपस्थित झाला की आधी प्रयोजन विचारायचं, वादविवाद नंतर. आपण काय करतो? सोयींचा तक्ता मांडतो. याच्यात शोध चांगला, त्याच्यात रंगीत पाट्या, हे मोबाइलवर नीट दिसतं. तक्ता खोटा नसतो. पण वही कशासाठी, हे ठरलेलं नसेल तर गुण कशाला द्यायचे आणि किती, हे कोण ठरवणार?

पायथनचा इतिहास या दृष्टीनं वाचण्यासारखा आहे. २००६ मध्ये त्यांच्या समितीपुढे जिरा, लाँचपॅड, राउंडअप आणि ट्रॅक असे चार पर्याय होते. समितीचा कल जिराकडे होता. पण तिनं एक अट घातली: राउंडअप सांभाळायला पुरेसे स्वयंसेवक पुढे आले तर राउंडअप. ते आले, आणि राउंडअप आलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. समितीनं नुसतं ‘कोणतं चांगलं’ असं विचारलं नाही, ‘झाडलोट कोण करणार’ हेही विचारलं. देऊळ बांधायला वर्गणी मिळते, रोजच्या दिवाबत्तीला माणूस मिळत नाही. हे आपल्याला सांगायला नको.

२०१८ मध्ये मारिएट्टा विजया यांनी पेप ५८१ हा प्रस्ताव मांडला. (पेप म्हणजे पायथनमधला औपचारिक बदलाचा प्रस्ताव.) वही गिटहबवर न्यावी, असं त्यात म्हटलं होतं. कोड २०१७ सालीच तिथे गेला होता. राउंडअप सांभाळणारी माणसं मोजकीच उरली होती, त्याच्या स्वतःच्या दुरुस्त्या साचल्या होत्या, नव्या माणसाला वेगळं खातं उघडावं लागत होतं. उलट बाजूनं एझियो मेलोत्ती यांनी एका सहकाऱ्यासह पेप ५९५ लिहिला: राउंडअपच सुधारू या. मे २०१९ मध्ये ५८१ मान्य झाला, ५९५ मागे पडला.

आता टीका. ५८१ चा ‘सगळे तिथेच आहेत’ हा युक्तिवाद सवयीचं वर्णन आहे. त्यातून सोय सिद्ध होते, योग्यता नव्हे. सोर्सफोर्जवरही एके काळी सगळे होतेच की! एका खासगी कंपनीवर अवलंबून राहण्याचा धोका प्रस्तावात नोंदवला आहे, आणि माहितीची नियमित प्रत काढून ठेवावी हे उत्तरही आहे. पण हे उत्तर अपुरं आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद सुरक्षित आहेत; मोडी वाचणारा नसेल तर त्या कागदांचं काय करायचं? राउंडअपमध्ये नोंदीही तुमच्या हातात होत्या आणि त्या वाचणारा प्रोग्रामही. गिटहबमध्ये नोंदींची प्रत मिळेल, प्रोग्राम मिळणार नाही. आणि गंमत अशी की राउंडअप सोडणं इतकं नीट जमलं, याचं एक कारण राउंडअप मुक्त होतं हेच आहे. ज्या गुणामुळे बाहेर पडता आलं, तोच गुण नव्या घरात नाही.

दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे, थोडं लक्ष द्या. राउंडअपमध्ये नोंद बंद करताना कारण लिहायला वेगळा रकाना होता: दुरुस्त झालं, आधीच नोंदलेलं आहे, हा दोषच नाही, दोष आहे पण दुरुस्त करणार नाही. शेवटच्या दोन कारणांत मोठं अंतर आहे. ‘हा दोष नाही’ हे विधान आहे. ते खरं किंवा खोटं असू शकतं. ‘दुरुस्त करणार नाही’ हा निर्णय आहे. त्याला खरं-खोटं लागू होत नाही, त्याची जबाबदारी घ्यावी लागते. गिटहबवर बंद करण्याची कारणं बराच काळ नव्हतीच; २०२२ मध्ये आली ती ‘पूर्ण झालं’ आणि ‘विचार नाही’ अशी दोन. बाकीचं पाट्या लावून भागवायचं. म्हणजे विधान आणि निर्णय एकाच पोत्यात!

हा शब्दच्छल नाही. आपल्या ‘मर’ आणि ‘ठ’कडे परत या. वेलांटी हा अक्षराचा भाग नाही, असं जर कुणी म्हणालं तर ते विधान आहे, आणि मराठी माणूस त्याला पुराव्यानिशी खोडून काढू शकतो. पण ‘मान्य आहे, जुने प्रोग्राम बिघडतील म्हणून आत्ता करत नाही’ असं म्हटलं तर वाद वेगळा, उत्तरही वेगळं. वहीत हा भेद लिहायला जागा नसेल, तर काही वर्षांनी तो माणसांच्या डोक्यातूनही जातो.

मग ५९५ बरोबर होता का? नाही. प्रयोजन त्याला अधिक नीट कळलं होतं असं मला वाटतं, पण २००६ च्या अटीचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं: करणारी माणसं कुठे आहेत? तत्त्व बरोबर आणि झाडू कोणाच्याच हातात नाही, अशा संस्था आपण पुष्कळ पाहिल्या आहेत.

आणि पुढे काय झालं बघा. २०२१ मध्ये स्थलांतराचं काम पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशननं मेलोत्ती यांच्याकडेच दिलं. ज्यांचा प्रस्ताव हरला, त्यांनीच ओझं उचललं. जुनी वही पुसली नाही. ती फक्त वाचण्यासाठी उघडी ठेवली, जुने क्रमांक आजही लागतात. ५८१ वरची माझी टीका मी मागे घेत नाही. पण वादात हरल्यावर वही पाण्यात पडू न देणं, ही गोष्ट कोणत्याही सोयींच्या तक्त्यात बसत नाही.

तेव्हा तुमच्या प्रकल्पासाठी निवड करायची वेळ आली तर तक्ता जरूर करा, पण त्याआधी चार प्रश्न विचारा. झाडलोट कोण करणार? नवखा माणूस उंबरठ्यावर अडखळतो का? ‘नाही’ म्हणण्याचे वेगवेगळे अर्थ लिहायला जागा आहे का? आणि उद्या घर सोडावं लागलं तर वही आणि ती वाचण्याची विद्या, दोन्ही बरोबर नेता येतील का? चारही उत्तरं होकारार्थी मिळणं कठीण. कोणतं उत्तर सोडून दिलं, तेवढं मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.